आकाशाचा फोटो आणि त्याखालची ओळ

प्रश्न: मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज तेजोमेघांचे, दीर्घिकांचे रंगीबेरंगी फोटो येतात. गेल्या महिन्यात, जानेवारीत, भंडारदऱ्याला आकाशदर्शनाला गेले होते. दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ पाहिला, तर नुसता राखाडी धुरकट डाग. मग फोटोतले गुलाबी-निळे रंग येतात कुठून? कॉम्प्युटरवर रंगवलेले असतात का? मला स्वतः फोटो काढून मुलांना दाखवायचे आहेत. कॅमेरा साधाच आहे, १८-५५ लेन्सचा. त्या रात्री काढलेला एक फोटो सोबत जोडला आहे. त्यात उल्काही आली आहे!

उत्तर:

बाई,

"एवढंच?" हा शब्द मी दुर्बिणीशेजारी उभा राहून गेली वीस वर्षं ऐकतो आहे. थंडीत पाय आपटत पाऊण तास रांगेत थांबलेला माणूस आयपीसला डोळा लावतो, दोन सेकंदांत मान वर करतो आणि म्हणतो, एवढंच? तुम्ही तो शब्द मोठ्याने उच्चारला नसेल, पण तुमच्या प्रश्नात तो आहे. तुम्हाला दुर्बिणीने फसवलं नाही आणि फोटोनेही नाही. फोटोखाली एक ओळ असायला हवी होती, ती वाटेत कुठेतरी गळून पडली. सगळा घोळ तिथला आहे. माझं म्हणणं एवढंच, बाकीचं उत्तर म्हणजे त्याचा पसारा.

आधी तो राखाडी डाग. अंधारात आपण दंडपेशींनी पाहतो आणि त्यांना रंग कळत नाही, हे तुम्ही वर्गात शिकवतच असाल. त्यातही गंमत अशी, की मृगातल्या तेजोमेघाचा सर्वांत ठसठशीत रंग म्हणजे हायड्रोजनचा लाल, ६५६ नॅनोमीटरचा. नेमक्या या लाल रंगाला दंडपेशी जवळजवळ आंधळ्या असतात. ऑक्सिजनचा हिरवट प्रकाश ५०१ नॅनोमीटरवर येतो आणि तिथे त्या सर्वांत तल्लख असतात. म्हणून दहा-बारा इंची आरशाची दुर्बीण, अमावास्येची रात्र आणि अर्धा तास अंधाराला सरावलेला डोळा असं सगळं जमून आलं, तर त्या डागात किंचित हिरवी झाक दिसते. गुलाबी दिसत नाही. आणि डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या छोट्याशा अंशात एक चित्र पुसून पुढचं घेतो. कॅमेरा तेच ताट तासभर वाढत बसतो.

तासभर म्हणजे काय, ते माझ्याच एका फोटोवरून सांगतो. मागच्या पौषात १३५ मिमीची जुनी लेन्स ट्रॅकरवर चढवली. ट्रॅकर म्हणजे पृथ्वी फिरते त्याच्या उलट दिशेने, त्याच वेगाने कॅमेरा फिरवणारी छोटी मोटर. मृगावर रोखून ३० सेकंदांचा एक असे १२० फोटो काढले, एकूण तासभराचा प्रकाश. शिवाय १० सेकंदांचे वीस, कारण तेजोमेघाच्या मध्यभागी चार ताऱ्यांचा छोटा चौकोन आहे आणि तो लांबच्या एक्सपोजरमध्ये पांढराफटक जळून जातो. मग लेन्सला झाकण लावून काळोखाचे वीस फोटो काढले. सेन्सरचा स्वतःचा गोंगाट त्यात उमटतो आणि नंतर तो वजा करता येतो. घरी येऊन सगळे एकावर एक रचले. यालाच स्टॅकिंग म्हणतात. १६ फोटो रचले की गोंगाट चौपट कमी होतो, १०० रचले की दहापट. वर्गमूळाचं गणित आहे, मुलांना सांगायला छान.

एवढं झाल्यावर पडद्यावर काय येतं? काळोख. अगदी काळी चौकट, त्यात पंधरा-वीस टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. पहिल्या वेळी मला वाटलं, फाइल बिघडली. पण सगळा माल त्या काळ्यातच असतो, उजेडाच्या आलेखाच्या डाव्या, अंधाऱ्या कडेला दाटीवाटीने बसलेला. मग सॉफ्टवेअरमधली मधल्या छटांची पट्टी हळूहळू ओढायची. आधी बारीक तारे वर येतात, शेकड्यांनी. मग मृगाच्या बाणाच्या, म्हणजे ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या खाली एक मळकट गुलाबी ढग दिसू लागतो, अजून ओढलं की त्याला पंख फुटतात आणि शेवटी पंखांच्याही बाहेर तपकिरी धूळ, जी आहे हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. हे मी आजवर पन्नासेक वेळा केलं असेल, तरी ती पट्टी ओढताना अजूनही चहा गार होतो.

यात मी रंगवलं काय? काहीच नाही. उजळलं मात्र भरपूर. रंग थोडे गडद केले, हेही खरं. एखाद्या सूर्यासारख्या ताऱ्याला पांढरा धरून बाकीचे रंग त्याच्याशी जुळवून घेतले. त्या फोटोखाली मी हे सगळं दोन ओळींत लिहितो: लेन्स, किती फोटो, किती सेकंद, कुठून, कधी, आणि "डोळ्यांना असं दिसत नाही". शेवटचे शब्द लिहायला लाज वाटायचं कारण नाही. सूक्ष्मदर्शकातला अमिबाही डोळ्यांना तसा दिसत नाही.

मोठ्या दुर्बिणींचं प्रकरण याच्या एक पायरी पुढचं आहे. हबलने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातले ते तीन खांब तुम्ही नक्की पाहिले असतील. ते आपल्यापासून साडेसहा-सात हजार प्रकाशवर्षं दूर आहेत आणि सर्वांत उंच खांब सुमारे ४ प्रकाशवर्षांचा आहे. तो फोटो तीन गाळण्यांतून घेतला: गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. आता अडचण बघा. गंधकाचा प्रकाश ६७२ नॅनोमीटरच्या आसपास आणि हायड्रोजनचा ६५६ वर. डोळ्यांच्या हिशेबात दोन्ही लालच. "खऱ्या" रंगात दाखवायचे तर दोन्ही एकमेकांत मिसळून एकच लाल गोळा दिसेल आणि कुठला वायू कुठे आहे हे कळणारच नाही. म्हणून गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा असे रंग वाटून दिले. नकाशावर जिल्हे वेगवेगळ्या रंगांत दाखवतात, पण नाशिक काही खरोखर पिवळं नसतं, तसंच हे. त्या फोटोच्या कोपऱ्यात पायऱ्यांसारखा काळा तुकडा दिसतो, त्याचंही लोकांना गूढ वाटतं. त्या कॅमेऱ्यात चार चिप होत्या, त्यातली एक जास्त मोठं करून दाखवणारी. तिचं चित्र बाकीच्यांच्या मापात बसवायला लहान केलं की कोपरा रिकामा राहतो.

जेम्स वेबचं तर विचारूच नका. ती दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाश पाहते, म्हणजे बहुतेक वेळा डोळ्यांना अजिबात न दिसणारा. मग रंग कसले? मी गाणं शिकणाऱ्या मुलांना सांगतो तसं सांगतो. काळी चारमधली चीज काळी एकमध्ये गायली तर प्रत्येक सूर बदलतो, पण चीज तीच राहते, कारण सुरांमधली अंतरं तीच असतात. वेबच्या चित्रांत सर्वांत लांब लहरींना लाल, सर्वांत आखूड लहरींना निळा आणि मधल्यांना मधले रंग देतात. पट्टी बदलली, चीज तीच. ऑक्टोबर २०२२ मध्ये वेबने तेच खांब पुन्हा दाखवले, तेव्हा अवरक्त प्रकाश धुळीतून बराचसा आरपार जात असल्याने ते अर्धपारदर्शक झाले आणि आतले तांबूस कोवळे तारे उघडे पडले. १९९५ चा आणि २०२२ चा, दोन्ही फोटो वर्गात शेजारी शेजारी लावून बघा. मुलं स्वतःच विचारतील, खरा कुठला? तिथून तास आपोआप पुढे जातो.

जाता जाता एक खूण सांगून ठेवतो. फोटोतल्या ठळक ताऱ्यांना चार अणकुचीदार किरणं असतील तर बहुधा हबल, सहा मोठी आणि दोन बारीक असतील तर वेब. वेबच्या आरशाचे १८ तुकडे षटकोनी आहेत, त्याचा परिणाम म्हणजे ती सहा; दोन बारीक मात्र पुढचा छोटा आरसा धरणाऱ्या दांड्यांमुळे. ग्रुपवर कुणी "हबलचा नवा फोटो" म्हणून टाकला आणि किरणं सहा दिसली, की हळूच दुरुस्ती करता येते. मी करतो. त्यामुळे दोन ग्रुपांतून मला काढलंही आहे.

आता त्या गळलेल्या ओळीकडे येऊ. सर्वांत मोठा किस्सा नेपच्यूनचा. ऑगस्ट १९८९ मध्ये व्हॉयेजर २ नेपच्यूनजवळून गेलं. ढग, पट्टे, वारे नीट दिसावेत म्हणून शास्त्रज्ञांनी चित्रांचा कॉन्ट्रास्ट आणि रंग वाढवले, आणि तसं चित्राखाली लिहिलंही. चित्र पाठ्यपुस्तकांत गेलं, तक्त्यांवर गेलं, वह्यांच्या कव्हरांवर गेलं. ओळ मात्र मागेच राहिली. नेपच्यून गडद निळा आणि युरेनस फिकट हिरवट, हे आपण सगळ्यांनी पाठ केलं. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने जुनी आणि नवी निरीक्षणं ताडून दाखवलं, की दोन्ही ग्रह जवळजवळ सारखेच फिकट हिरवट-निळे आहेत, नेपच्यून जेमतेम किंचित जास्त निळा. म्हणजे पस्तीसेक वर्षं अख्ख्या जगाने एक वाढवलेला रंग खरा मानला, आणि तोही कुणी खोटं बोललेलं नसताना! तुमच्या शाळेच्या भिंतीवर सूर्यमालेचा तक्ता असेल तर आज जाऊन त्यातला नेपच्यून बघा.

दिवाळीचा तो फोटो तर तुमच्या ग्रुपवर दरवर्षी येत असणार: अवकाशातून दिसणारा दिवाळीच्या रात्रीचा भारत, लाल-हिरवे-निळे दिवे लखलखताहेत. तो एका रात्रीचा फोटोच नाही. अमेरिकी हवामान उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून केलेला तो नकाशा आहे. पांढरे दिवे आधीपासूनचे, १९९२ च्या सुमारास दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. वस्ती आणि वीज कशी पसरली ते त्यात दिसतं, आणि माझ्या मते ते दिवाळीपेक्षा कितीतरी रोचक आहे. नासाने २०१२ च्या दिवाळीच्या सुमारास भारताचा रात्रीचा खरा उपग्रहफोटो देऊन खुलासा केला होता, की पणत्यांचा आणि माळांचा जादा उजेड वरून कळण्याइतका नसतो. खुलासा आला, फॉरवर्ड थांबला नाही.

आणि मंगळ! दर ऑगस्टला "२७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार" असा निरोप फिरतो. याची मूळ बातमी खरी होती. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ साधारण ६०,००० वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला होता, ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर. मूळ निरोपात होतं, की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल. गणित अचूक आहे. पुढे ढकलता ढकलता दुर्बीण गळाली आणि चंद्र उरला.

हे सगळं मी फार वरच्या पायरीवरून सांगतो आहे असं वाटू नये, म्हणून माझीही एक गोष्ट. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी शेंडी गावाजवळून कळसूबाईचा रात्रीचा फोटो काढला. डोंगर छान आला, आकाश रिकामं. मग त्याच रात्रीचा, पण दक्षिणेकडे तोंड करून काढलेला आकाशगंगेचा फोटो उचलून डोंगराच्या मागे चिकटवला. चारशे लाइक आले. एका म्हाताऱ्या निरीक्षकांनी खाली एवढंच विचारलं, "धनु रास उत्तरेला कधीपासून उगवायला लागली?" शेंडीहून कळसूबाई उत्तरेला आहे, आणि धनु राशीतला आकाशगंगेचा तो फुगीर, तेजस्वी मध्य आपल्याकडून कायम दक्षिणेच्या बाजूलाच दिसतो, तोही क्षितिजापासून फार तर ४१ अंशांवर. मी फोटो काढून टाकला. दोन फोटो जोडणं गुन्हा नाही, माझे बरेच मित्र जोडतात आणि सुंदर जोडतात. पण "दोन फोटोंची जोडणी" हे तीन शब्द मी लिहिले नव्हते, आणि लिहिले असते तर तो डोंगर निवडलाच नसता.

हाच निकष तुम्हीही लावू शकता. आकाशगंगेचा गाभा आणि पौर्णिमेचा चंद्र एकाच फोटोत झगमगत असतील तर समजा, जोडणी आहे. चंद्राच्या कोरीच्या आतल्या अंधाऱ्या भागात तारा दिसत असेल तरीही तेच. फोनने काढलेला चंद्र फारच धारदार असेल तर तिथेही थोडं थांबा. २०२३ मध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेला चंद्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावून फोनने टिपला, तर फोनने त्यात विवरं भरून दिली! फोनला चंद्र आधीच पाठ होता. त्याच वर्षी चांद्रयान-३ उतरल्यावर रोव्हरच्या चाकाने राजमुद्रा उमटवल्याचा एक खोटा, गुळगुळीत फोटो लाखो लोकांनी फिरवला. मला मात्र ३० ऑगस्टला प्रज्ञान रोव्हरने टिपलेला विक्रम लँडरचा काळा-पांढरा, काहीसा रखरखीत फोटो त्याच्या शंभरपट आवडतो. तो माझ्या टेबलासमोर लावलेला आहे.

आता तुमचा कॅमेरा. १८-५५ अगदी पुरेशी आहे, नवीन काही घेऊ नका. मजबूत ट्रायपॉड मात्र हवाच, नसेल तर भिंतीवर तांदळाची पिशवी. १८ मिमीवर, छिद्र ३.५, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल. तारे लांबट होऊ नयेत म्हणून फार तर किती सेकंद द्यायचे, तर ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं असा जुना नियम आहे, पण तो मोठ्या सेन्सरचा. तुमच्या लहान सेन्सरला १८ चे २७ धरा, म्हणजे १८ सेकंद येतात. मी म्हणेन बाराच ठेवा. फोकस आपोआपवर सोडू नका. पडद्यावर एखादा ठळक तारा मोठा करून तो बारीकात बारीक होईपर्यंत रिंग फिरवायची आणि मग रिंगवर चिकटपट्टी लावायची. ही चिकटपट्टी विसरणारा माणूस पहाटे चारला रडतो. दोन सेकंदांचा टायमर लावायचा म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. ट्रायपॉड न हलवता असे वीस फोटो घ्या. घरी ते रचायला सिक्वेटर किंवा सिरिल ही सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. सिक्वेटरमध्ये जमीन स्थिर ठेवून नुसतं आकाश रचता येतं, भंडारदऱ्याच्या तलावाकाठच्या फोटोंना तेच लागेल.

फोटो उजळताना एकच हात आवरा: आकाश काळंकुट्ट करू नका. खरं रात्रीचं आकाश काळं नसतं. काळं केलं की मंद तारे आणि धूळ त्यात बुडतात, आणि उरतो तो कॅलेंडरचा फोटो.

दवाचं सांगितलं पाहिजे, कारण भंडारदऱ्याला पाण्याकाठी तोच खरा शत्रू आहे. एका डिसेंबरात मी जेमिनिड उल्कांसाठी रात्री अकरापासून पहाटे दोनपर्यंत कॅमेरा लावून शेकोटीपाशी गप्पा मारत बसलो. घरी येऊन पाहतो तर साडेअकरानंतरचा प्रत्येक फोटो दुधात बुडवल्यासारखा. अडीच तासांचा प्रकाश लेन्सवरच्या दवाने गिळला. तेव्हापासून लेन्सभोवती एक जुना पायमोजा आणि त्यात पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी. काचेला नुसती हवेपेक्षा दोन अंश ऊब मिळाली तरी पुरते.

ऋतूंबद्दल फार सांगत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. जून ते सप्टेंबर दुकान बंद. जुलै २०२० चा निओवाइज धूमकेतू उत्तर भारतातल्या लोकांनी दाखवून दाखवून आम्हाला जाळलं आणि आम्ही इथे ढगांचे फोटो काढत होतो. ऑक्टोबर २०२४ चा त्सुचिनशान-अ‍ॅटलस मात्र परतीच्या पावसाच्या फटींतून सापडला. मृग, कृत्तिका, देवयानी दीर्घिका हिवाळ्यात. आकाशगंगेचा गाभा मार्चमध्ये पहाटे, मे महिन्यात मध्यरात्री. जवळचा अंधार हवा तर सह्याद्रीचा माथा. विदर्भात कधी गेलात तर पेंच व्याघ्र प्रकल्प, तो जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला.

मुलांना कॅमेऱ्याविना हे करायचं असेल तर तेही जमतं. गुरूभोवती जुलै २०१६ पासून फिरणाऱ्या ज्युनो यानावर जो कॅमेरा आहे, तो मुख्यतः लोकांसाठी बसवलेला आहे. त्याचे कच्चे फोटो कुणालाही फुकट मिळतात आणि गुरूचे जे अप्रतिम भोवरे आपण पाहतो, त्यांतले कितीतरी घरी बसलेल्या हौशी माणसांनी उजळलेले आहेत. नववीच्या दोन मुलांना एकच कच्चा फोटो द्या. दोन वेगळे गुरू परत येतील.

दुसऱ्याचा फोटो लावताना मात्र भान ठेवा. नासाचे बहुतेक फोटो श्रेय देऊन वापरता येतात, युरोपच्या ईएसओ या वेधशाळा-संस्थेचे आणि हबल-वेबच्या युरोपीय संकेतस्थळांवरचेही. पण १६ जून १९९५ पासून रोज एक खगोलचित्र देणारं नासाचं जे पान आहे, त्यावरचे अनेक फोटो खासगी छायाचित्रकारांचे असतात आणि तसं तिथे लिहिलेलं असतं. त्यांना विचारावं लागतं. बहुतेक जण शाळेला आनंदाने हो म्हणतात. त्या पानाचं मला सर्वांत मोठं कौतुक हे, की रोजच्या चित्राखाली एका खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेला एक परिच्छेद असतोच. चित्र सुटं मिळतच नाही.

आपल्या ग्रुपवर ती सोय नाही, म्हणून माझी युक्ती सांगतो. ओळ मेसेजमध्ये लिहू नका, चित्रातच छापा. खाली बोटभर पट्टी सोडून तिच्यावर मजकूर. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतो आणि त्यात दडलेली तारीख-एक्सपोजरची नोंदही पुसतो. कुणी सेव्ह करून पुन्हा टाकला की मेसेज मागे राहतो, पण पट्टी चित्राबरोबर जाते. मूळ फाइल द्यायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि शाळेत लावायला मॅट कागदावर प्रिंट काढा. चकचकीत कागदावर काळ्या आकाशात ट्यूबलाइटच दिसते.

प्रिंटशेजारी मुलांनी काढलेलं पेन्सिलचं चित्र लावा: आयपीसमधून जसं दिसलं तसं, राखाडी. खाली दोघांचे आकडे लिहा. त्या तेजोमेघाचा प्रकाश निघाला तो सुमारे १,३४० वर्षांपूर्वी, वेरूळचं कैलास लेणं खोदायला अजून सुरुवात व्हायची होती. कॅमेऱ्याने तो तासभर झेलला, मुलाने क्षणभर. मुलाच्या डोळ्यात शिरलेला प्रकाश खरा त्या ढगातून निघालेला होता, छापील कागदावरचा नाही. हे सांगितल्यापासून माझ्या रांगेत "एवढंच?" बराच कमी झाला आहे.

शेवटी तुमचा फोटो. मोठा करून नीट पाहिला. तारे किंचित लांबट आलेत, म्हणजे तुम्ही ३० सेकंद दिले असणार. मृग खगोलीय विषुववृत्तावर असल्याने ताऱ्यांच्या रेघा तिथेच सर्वांत लांब पडतात. उजव्या कोपऱ्यातला नारिंगी उजेड मुंबईचा. ती रेघ उल्का नाही. उल्का दोन्ही टोकांना निमुळती असते, मध्ये फुगते, कधी एका टोकाला हिरवट असते. उपग्रहाची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरीचशी सारखी. तुमच्या रेघेवर ठरावीक अंतरावर लाल-पांढरे ठिपके आहेत, म्हणजे विमान. ग्रुपवर उल्का म्हणून गेलं असेल तर सांगून टाका, आणि रेघ पुसू नका.

आता मृगातले दोन ठळक तारे, काक्षी आणि राजन्य बघा. एक नारिंगी, एक निळसर पांढरा. एकाचं तापमान साडेतीन हजार अंशांच्या आसपास, दुसऱ्याचं बारा हजार. हे रंग तुम्हाला डोळ्यांनीही दिसतील, कारण हे तारे रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना जागं करण्याइतके ठळक आहेत. आणि बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली, मधल्या ठिपक्यावर फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करा. फाइल तुम्ही कशानेच उजळलेली नाही. तरी तिथे गुलाबी आहे. पट्टीवर हे लिहा:

मृग नक्षत्र, भंडारदरा. तारीख आणि वेळ (तुम्ही भरा). १८ मिमी, ३० सेकंद, एकच फोटो, काहीही प्रक्रिया नाही. मधली रेघ विमानाची. बाणाखालचा गुलाबी ठिपका म्हणजे तेजोमेघ, त्याच रात्री दुर्बिणीतून राखाडी दिसलेला.